एकोणीस नंबरची पाळी

रस्त्याखालून येते केसाएवढी काच.
स्वान्सीच्या चढावर, टाउनहिलला,
म्हाताऱ्या माणसांच्या पाचमजली इमारतीत
ती तळघरातून शिरते,
आणि साबणाच्या वडीएवढ्या डबीत
तिचे बत्तीस वाटे होतात.
डबीला वीज लागत नाही. पंखा नाही, दिवा नाही.
एक तीळ सात जणांत, असं ऐकत वाढले मी;
इथे एक किरण बत्तीस घरांत.

वर प्रत्येक घराच्या छतात काच संपते.
पुढे नुसती हवा.
छतातल्या बशीतून उजेड टेबलावरच्या ठोकळ्यावर पडतो,
डोळ्यांना न दिसणारा,
भिंत न ओलांडणारा,
कोणी मध्ये आलं की तुटणारा.
मिसेस गेथिननी विचारलं, मग मांजराचं काय?
म्हटलं, त्याला टेबलावर बसू देऊ नका.
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

खाली येताना सगळ्यांना सगळंच येतं,
आपल्या नावाचं तेवढं ज्याने त्याने उचलायचं.
वर जाताना मात्र पाळी.
सेकंदाच्या हजारो कपच्या,
एक याची, एक तिची,
कोणी कोणाच्या बोलण्यात बोलत नाही.
(आमच्या मीटिंगांना हे अजून जमलेलं नाही.)
यंत्र दर खेपेला विचारतं: काही आहे?
ज्याच्याकडे काही नसतं त्याची कपची
ते इतरांत वाटून टाकतं.
हा नियम मी लिहिलेला. दोन ओळींचा.
त्याचा मला अभिमान होता.

गुरुवारपासून एकोणीस नंबर गप्प.
काही आहे? शून्य.
काही आहे? शून्य.
रविवारी सकाळी टोस्ट खाता खाता आलेख बघत होते,
तेव्हा दिसलं की बाकीच्या एकतीस रेषा
किंचित जाड झाल्यात.
सात नंबरची रग्बी एकदाही अडखळली नव्हती.
एका माणसाच्या गप्प राहण्यावर
अख्खी इमारत थोडी थोडी पोसली जात होती,
आणि कोणाला पत्ता नव्हता.

टोस्ट तसाच टाकून निघाले.
जिना चढताना मी काय काय ठरवत होते
ते इथे लिहीत नाही.

दार उघडलं इड्वल बेवननी. वय एक्क्याऐंशी.
दाढी केलेली. बूट पॉलिश केलेले.
टेबलावर ठोकळा होता,
आणि ठोकळ्यावर किटलीची लोकरी टोपी,
पिवळी, वर गोंडा.

एकतीस वर्षं खांबांवर चढलोय, ते म्हणाले,
तांब्याच्या जोड्या बांधल्यात, पावसात, वाऱ्यात.
तार तोडायची तर शिडी लागायची.
तुमच्या उजेडाला टोपी पुरते. चांगलं केलंत हे.

मग खुर्ची पुढे सरकवली.
गुरुवारी ग्लेनिसला जाऊन चार वर्षं झाली.
मुलगा कॅलगरीहून दिसतो, डोळे पुसतो,
मग मलाच त्याची समजूत घालावी लागते.
या वर्षी म्हटलं, नको.

चहा गार होता,
टोपी दुसऱ्या कामावर असल्यामुळे.
मी पूर्ण प्यायले.

अहवालात लिहिलं: दोष आढळला नाही.
रात्री नियमाला तिसरी ओळ जोडली:
तीन दिवस कोणी गप्प असेल तर मला कळव.
पुसली.
कोणाचं गप्प बसणं मोजणारी मी कोण?
पुन्हा लिहिली, कारण तो जिना आठवला.
पुन्हा पुसली.
ती ओळ अजून अधांतरी आहे.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी
एकोणीस नंबरने आपली कपची मागून घेतली.
सात नंबरची रेषा तेवढी बारीक झाली.
किती वेळ बोलणं चाललं, ते
आलेखात दिसलं असतं.
मी खिडकी बंद केली.