पाठीमागे धावपट्टी

एउलोखिया चोकेवांका खिडकीकडे पाठ करून बसते.
एल आल्तोचा विमानतळ, तिसरा मजला,
इथे पाणी लगेच उकळतं आणि बटाटे
शिजता शिजत नाहीत.

समोर इल्यांपू एअरलाइन्सची वही :
अठ्ठेचाळीस वर्षं, तीन अपघात.
संगणकात सगळं आहे, पण तिला वहीच लागते.
तारीख, विमान, टप्पा, माणसं, कारण.
‘कारण’ हा रकाना सगळ्यात अरुंद,
आखणाऱ्याला वाटलं असावं, एका शब्दात भागेल.

१९८३ समोर कुणीतरी लिहिलंय, धुकं.
मग वेगळ्या शाईत : आणि घाई.
मग समासात, आडवं, तिच्याच पेन्सिलीने :
उंचीमापक आदल्या आठवड्यात बदललेला. तपासणाऱ्याची सही नाही.

तेव्हापासून ११४ नंबरचं उड्डाण नाही.
सहा चाळीसला ११६ सुटतं,
तोच डोंगर उजव्या हाताला ठेवून.

मंगळवारी विमा कंपनीचा माणूस आला होता.
जिना चढून धापा टाकत म्हणाला,
बावीस वर्षं निरंक. छान.
तिने खण उघडला. फाउस्तिनो मेकॅनिकच्या चिठ्ठ्या,
काहींवर ग्रीसचे अंगठे :
‘डाव्या चाकाशी बोटभर तेल. विमान थांबवलं.
पाऊण तास उशीर. एका बाईंचं बहिणीचं लग्न हुकलं, फार बोलल्या.’
हे नाही मोजत, तो म्हणाला,
आणि कोकाचा चहा अर्धाच पिऊन गेला.

आयमारात, तिच्या आईच्या बोलीत,
काल समोर असतो, कारण तो दिसतो.
उद्या पाठीमागे.
शाळेत ‘पुढच्या वर्षी’ म्हणताना
ती खांद्यावरून मागे अंगठा दाखवायची
आणि स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंची पट्टी खायची.

सहा चाळीस झाले. ११६ धावायला लागलंय.
हवा विरळ, चाकं लवकर सुटत नाहीत जमिनीवरून,
बशीत कप वाजतो आहे.
ती वळून बघत नाही.
ओठांतल्या ओठांत मोजते, अडतीस, एकोणचाळीस,
फाउस्तिनो आज रजेवर आहे,
चाळीस, एक्केचाळीस,

कप थांबतो.

ती १९८३ च्या ओळीवर बोट ठेवते
आणि पुढे वाचायला लागते.