दोन मुठी

शिट्टी उशिरा वाजली असं कुणी म्हणू नये.
कोपर लागलं तेव्हाच वाजली ती,
रिंगवरून उडालेला चेंडू खाली यायच्या आत.
भवानी पेठेच्या बाजूला बसलेल्यांचा "ओऽऽ"
तिच्या मागून आला.

आधी पडलेल्याकडे बघायचं.
हे पुस्तकात नाही, हुंडेकरी सरांनी सांगितलेलं:
मारणारा कुठं पळून जात नाही.
अक्कलकोटचा पाच नंबर गुडघ्यांवर होता,
ओठ फाटलेला,
सिमेंटवर चार थेंब, उन्हानं लगेच काळे पडलेले.
कुणीतरी बाटली ओतली, कुणाच्यातरी बनियननं पुसलं.
मी दोन्ही बाकांच्या मधे हात पसरून उभा,
कुणालाच न शिवता.
खेळाडूला हात लावायचा नाही,
कितीही जवळचा असला तरी.

जवळचा होता.
मार्कंडेय यमूल, अकरा नंबर,
आमच्या वार्पिंगवरच्या अंबादासचा धाकटा.
त्याच्या बारशाला मी जेवलोय.

मनगट धरून वर केलं असतं
तर दोन फ्री थ्रो देऊन भागलं असतं.
डावा हात उजव्या मनगटापर्यंत गेलाही होता.
पण कोपर मारायच्या आधी
त्यानं मागं वळून पाहिलं होतं,
कोण आहे, कुठं आहे, किती उंच आहे.
ते वळून पाहणं मी पाहिलं होतं.
नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

मी दोन्ही मुठी वर केल्या.

वडील मिलच्या गेटवर एकच मूठ वर करायचे,
तिच्याखाली शे-दोनशे माणसं गोळा व्हायची.
माझ्या दोन मुठींखाली एक पोरगं,
आणि त्यालाच मी जा म्हणतोय.

टेबलापर्यंत चालत जायचं, पळायचं नाही.
अकरा दाखवायला पुन्हा एक मूठ लागते
आणि दुसऱ्या हाताचं एक बोट.
सुग्रानं रकान्यात डी लिहिला,
वर न बघता.

नियम म्हणतो, ड्रेसिंग रूममध्ये जा
नाहीतर इमारत सोडा.
इमारत कुठली?
चार खांब, दोन रिंगा, एका बाजूला तारेची जाळी.
तो जाळीपलीकडं रसाच्या गाड्याला टेकला.
मी खेळ सुरूच केला नाही.
हातानं सांगितलं, अजून लांब.
तो पाण्याच्या टाकीपर्यंत गेला.
अजून.
टाकीमागं गेला, तेव्हा त्याची सावली तेवढी बाहेर राहिली.
सावलीबद्दल नियम नाही.

पाच नंबरनं तोंडात कापूस धरून फ्री थ्रो मारले.
एक गेला, एक रिंगवर आपटला.
चेंडू पुन्हा त्यांनाच.
आम्ही, म्हणजे पेठवाले, नऊ गुणांनी हरलो.
"आम्ही" हा शब्द शिट्टी गळ्यात असताना वापरायचा नसतो.

जाताना तो माझ्याजवळून गेला होता.
हळूच म्हणाला, तेलुगूत,
"मामा, मीरू कूडा?"
तुम्हीसुद्धा?
एवढ्या रागातही पोरानं अहो-जाहो सोडलं नाही.

अहवाल स्कोअरशीटच्या मागं लिहायचा असतो.
खेळाडूनं काही उद्गार काढले का?
लिहिलं, होय.
कोणते?
इथं पेन थांबलं.
मराठीत लिहावं तर तो असं म्हणालाच नव्हता.
तेलुगू मला बोलता येतं,
घरात चुलीपाशी शिकलो तेवढं.
लिहिता येत नाही.
अर्धा तास झाला, मैदानातले दिवे बंद करायला माणूस आला.
शेवटी लिहिलं, अपशब्द नाहीत.
बाकी सगळं होतं तसं लिहिलं,
वळून पाहिलं तेसुद्धा.
सही केली.

सकाळी सातला अंबादास मशीनवर असेल.
काय बोलायचं ते ठरवत गेटकडं निघालो,
ठरलं काहीच नाही.

रसवाला गाडा आवरत होता.
"अकरा नंबर खेळ संपल्यावर येऊन गेला," म्हणाला,
"दोन ग्लास प्याला.
पैसे मामा देतील म्हणाला."