मुक्कामाचा कागद

शकील मकानदारनं तंबू दिला, चौघांचा,
एका काठीला काळी टेप गुंडाळलेला.
"भाडं नको. तेवढा वाळवून घडी घाला," म्हणाला.
मी फौंड्रीतल्या जॉबकार्डाच्या पाठीवर यादी केली :
काळम्मावाडी, पाण्याच्या वरच्या अंगाला,
दोन रात्री, जानेवारीचा दुसरा शनिवार धरून.
जाताना मुधाळ तिट्ट्यावर चहा.
तांदूळ, खर्डा, भडंग, टॉर्चचे सेल,
सतरंज्या तीन की चार –
इथं पेन अडलं,
कारण अण्णांना कुणी विचारलंच नव्हतं.

अण्णांनी एकतीस वर्षं ते पाणी वाचलं.
सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा,
पावसाळ्यात तासातासाला.
पट्टीवरचा आकडा वहीत, वहीतला वायरलेसवर.
शनिवारी घरी आले की आई विचारायची,
"कसं काय तिकडं?"
ते चप्पल काढता काढता म्हणायचे,
"सहाशे एक्केचाळीस पॉइंट दोन."
आम्हाला वाटायचं, बरं आहे म्हणजे.

विचारलं तेव्हा ते नखं काढत होते.
"तिथं? झोपायला?"
मग बराच वेळ नुसता नेलकटर.
मग, "कुलूप कुठं लावत्यात त्याला?"
रणधीर हसला. चेन दाखवली.
त्यांनी ती दोनदा वर-खाली केली
आणि स्वयंपाकघरातून खोबरेल आणून
तिच्या दातांना लावलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या यादीत
लाल रिफिलनं भर पडलेली :
तोंड पूर्वेला नको, पहाटे तीनला वारं पाण्यावरून येतं.
करंजाखाली नको. मुंगळे.
पाण्यापासून चाळीस पावलं. माझी पावलं, रणधीरची नव्हेत.
काठाचा चिखल वरून वाळलेला दिसतो. दिसू दे.
गवा आला तर बॅटरी मारू नये,
त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं, तो पाणी प्यायला आलेला असतो.
रॉकेल – यावर काट, पुढं : आता मिळत नाही.
आणि अगदी तळाशी, बारीक :
वही.

परवानगीचा अर्जही त्यांनीच लिहिला.
मा. शाखा अभियंता यांस, सविनय,
दोन रात्री विनाकाम थांबणेबाबत.
खाली सवयीनं "आपला आज्ञाधारक" लिहून गेले,
सहीवर पेन टेकवलं, उचललं,
आज्ञाधारक खोडलं.
दुसरं काय लिहावं ते सुचेना,
तसाच नुसता "आपला" ठेवला.

रविवारी फुलेवाडीच्या गच्चीवर तालीम.
स्लॅबमध्ये खुंट्या कशा शिरणार,
एक दोरी टाकीच्या पायाला, एक डिश अँटेनाला,
उरलेल्या दोन रणधीरच्या डंबेल्सना.
शेजारच्या खोत काकू वाळवण उचलता उचलता,
"घरात जागा नाही व्हय गं?"
अण्णा आत शिरले, रांगत,
पाय बाहेर राहिले थोडा वेळ,
मग तेही आत ओढून घेतले.
जेवायला हाक मारली तर आतून म्हणाले, "इथंच द्या."

रात्री मी वाकळ घेऊन वर गेले.
नळ सुटला होता, टाकी भरत होती.
थेट पाइपलाइननं हल्ली तिकडचंच पाणी येतं म्हणतात,
डोंगराकडून, इतक्या लांबून, आमच्या डोक्यापर्यंत.
आवाज आधी पोकळ होता, मग जड होत गेला.
तंबूत काहीतरी हललं.
"किती झालं?"
ते जागे होते की झोपेत, कापडातून कळेना.
टाकीला पट्टी नाही. मी झाकण सरकवून आत हात घातला,
कोपरापर्यंत गार.
"कोपर," मी म्हणाले.
आतून हुंकार.
मग कूस बदलल्याचा आवाज, आणि लगेच घोरणं.

जिन्यात दिव्याखाली कार्ड काढलं,
सतरंज्या : चार, असं लिहिलं,
आणि ओल्या हातानं ते थोडं पुसलं गेलं.
तेवढ्यात टाकी वाहायला लागली.
पळत खाली गेले कॉक बंद करायला.