भाग क्रमांक ७१-ब

पीलमेडूच्या आमच्या शेडमध्ये
तीस वर्षं पंपांचे इंपेलर घडले.
तीन-तीनशे फूट खाली, बोअरच्या अंधारात उतरायचे,
आणि बिघाड झाला की सकाळीच
पोल्लाचीकडचा कुणीतरी मोपेडवरून यायचा,
शर्टाला चिखल, तोंडात शिव्या,
पंप मांडीवर, तापलेल्या पोरासारखा.
अप्पा त्याला आधी कॉफी द्यायचे,
मग ऐकून घ्यायचे, मग पंप उघडायचे.

आता ड्रॉइंग येतं.
चारी कोपऱ्यांत शिक्के, खाली माझी सही
की कुणाला दाखवणार नाही.
नाव नाही. भाग क्रमांक ७१-ब.
अंगठ्याएवढी पितळी नळी, आतून आटे.
ती कशात बसते हे आम्हाला सांगितलेलं नाही.
आम्हाला माहीत आहे.
समोरचा आरोक्यसामी स्प्रिंग करतो,
त्याच्या पलीकडे ग्राइंडरवाल्यांच्या मुली कसलीशी टोपी,
पण चहाच्या टपरीवर सगळे जमले तरी
कुणी खिशातला तुकडा काढून
दुसऱ्याच्या तुकड्यात बसवून पाहत नाही.

कंपनीचे बोपय्या साहेब महिन्यातून एकदा येतात.
जन्म तोफखान्यात गेला, आता व्हाइस प्रेसिडेंट.
डावा कान तिकडेच राहिला,
तेव्हा आपण उजवीकडे बसायचं.
सांगतात, पूर्वी सगळं बोटीनं यायचं,
भाव त्यांचा, तारीख त्यांची,
एका साली ऐन वेळेला आलंच नाही.
इथे ते थांबतात.
कुठलं साल, हे अप्पा विचारत नाहीत.
मग चाचण्या, पदरच्या पैशानं, चार उन्हाळे वाळवंटात,
आणि शेवटी फाइलवर एक ओळ: पुन्हा करा.
"सरकारी कारखान्याला शंभर वर्षं माफ असतात हो,
आम्हाला एक तिमाही,"
असं म्हणून स्वतःच हसतात.

मी मोजते. दहा मायक्रॉन इकडे, दहा तिकडे.
एसी फक्त माझ्या खोलीत;
पितळेला वीस अंश लागतात.

फेब्रुवारीत लॉट परत आला, नऊशे साठ नग.
आट्याच्या काठावर
नखालाही न लागणारा कंगोरा.
भंगारात विकायचे नाहीत, असा करार.
कंपनीचा माणूस वही घेऊन उभा राहिला,
अप्पांनी एकेक प्रेसखाली धरून चपटा केला,
दुपारपासून दिवे लागेपर्यंत.
मोजणीत एक कमी भरला.
तो देवघरात आहे. अम्मा त्यात उदबत्ती खोचते.
मी काही म्हणाले तर म्हणते,
मुरुगाच्या हातात तरी काय आहे, बघ की.

चाचणी पास झाली त्या दिवशी
साहेबांनी फोनवर व्हिडिओ दाखवला,
पुढे पाठवायचा नाही या अटीवर.
एक टेकडी. एक धुळीचं झाड उगवतं.
आवाज मागाहून येतो.
टाळ्या, मैसूरपाक.
अप्पांनी पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा.
"टेकडीवर काय होतं?"
"काही नाही मरुदाचलम, चुन्यानं आखलेलं वर्तुळ."

रात्री रॉकेलनं हात पुसताना ते म्हणाले,
पंप चुकला की माणूस भांडायला यायचा.
हे बरोबर चाललं तर
कोण येणार सांगायला?
मी म्हटलं, पुढची ऑर्डर येईल.

आली. बारा हजार. तीन पाळ्या.
गेटला रजिस्टर, वर कॅमेरा,
बाहेरची वस्तू आत नाही.
परवा एक म्हातारा मोपेडवरून आला
आमचाच पंप घेऊन, एकोणीस वर्षांचा जुना.
वॉचमन त्याला नियम सांगत होता,
तो वॉचमनला शिव्या सांगत होता.
अप्पा मशीन चालू ठेवूनच बाहेर गेले,
रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलं,
आणि आत बघून ओरडले,
पूंगोडी, चोवीसचा पाना दे,
आणि दोन कॉफी.