जुळणी

वडकीच्या जिनिंगात, रात्री दीड.
प्रेसच्या कंट्रोलरला नवं अपडेट आलंय.
शालू आत्राम फोन खांद्यात दाबून
पडद्यावरची सही ताडून बघते.
पलीकडचा जांभई देत वाचतो:
सात. एफ. तीन. शून्य.
सात जुळला.
एफ नाही. तीनही नाही.

मालक म्हणतात, फाटकापर्यंत गाड्या लागल्या,
टाकून दे ना वं.

कवडू फिटर बोलत नाही.
तेलकट बोटानं दाखवतो
शेडमागची काळी भिंत.
त्या साली एक ठिणगी रुईसंगं दाबली गेली.
गाठ वरून पांढरीफेक,
पट्ट्या घट्ट, मार्का आपलाच,
आत चार दिवस धुमसत.

शालू केबल उपसते.
जुन्याच प्रोग्रामवर
प्रेस कण्हत खाली येते.
बाहेर, अंधारातून कोणीतरी:
झालं का वं सुरू?