एका अक्षराने

व्होलोसच्या धक्क्यावर त्सिपुरोची तिसरी चपटी आली
की कोणीतरी ते गाणं काढतंच.
माझं. म्हणजे शब्द माझे.
चाल पान्देलीसची, तो गेला.
जिने पहिल्यांदा म्हटलं, तिला आता कानाने कमी येतं.

आमच्या भाषेत
'मी गेलो' म्हणजे एफिगा,
'तू गेलीस' म्हणजे एफिगेस.
शेपटाएवढा फरक.

लोक विचारायचे, कोण हो ती, इतकी निर्दय?
मी ग्लासातला बर्फ हलवायचो.

तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची एव्हान्थिया.
रविवारी लिंबाने बोटं घासून यायची,
तरी वास उरायचाच, मधासारखा, कडवट.
मी म्हणायचो, राहू दे.

श्टुटगार्टची दोन तिकिटं तिनेच काढली,
आईची बांगडी मोडून.
गाडी सकाळी सहा-दहाची.
पावणेसहाला मी स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात होतो.
हे कोणाला सांगितलेलं नाही.
एक कॉफी गोड मागवली,
मग दुसरी, बिनसाखरेची.
काचेतून तिचा हिरवा रुमाल दिसत होता,
वळून वळून रस्ता बघणारा.
पायांना काय झालं होतं कोण जाणे.
पाय धड होते. पाय चांगले होते.
शिट्टी झाली तेव्हा मी कपाच्या तळाचा गाळ बघत होतो,
जणू त्यात काही लिहिलेलं असतं.

गाणं त्याच हिवाळ्यात झालं, एका रात्रीत.
पहिल्या खर्ड्यात एफिगा होतं.
पान्देलीस मांडीवरची बुझुकी न उतरवता म्हणाला,
सोडून जाणाऱ्याचं दुःख विकत कोण घेणार?
मी खोडलं.
आणि नामानिराळा झालो.
पुढे स्वतःलाच सांगत आलो, मात्रा बसत नव्हत्या.
मात्रा तेवढ्याच आहेत.
तीन आणि तीन.

तबकड्या खपल्या. त्या पैशांत घरावर मजला चढवला.
ती नाताळात कार्ड पाठवायची:
बर्फ फार आहे, बटाटे महागलेत,
धाकटा सायकलवरून पडून दात पाडून आला.
गाण्याबद्दल अवाक्षर नाही.
त्या एका अवाक्षराची वाट बघण्यात
एकोणीस नाताळ गेले,
मग कार्डंही थांबली.

आज शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं.
टेबलावर चमच्याने ठेका, मधे कुणाचा तरी फोन.
झिपऱ्या केसांची एक मुलगी डोळे मिटून गात होती.
त्या ओळीशी आली आणि चुकली.
म्हणाली, एफिगा.

सगळे हसले.
एफिगेस गं, एफिगेस, कोणीतरी दुरुस्त केलं,
आमच्या आजोबांनासुद्धा पाठ आहे.
तिने जीभ चावली,
पुन्हा म्हटलं, बरोबर.

मी कोळंबी सोलत होतो.
उठावं, तिच्यापाशी जावं,
सांगावं, पोरी, तूच
पण तोंडात घास होता.
आणि पाय तर काय,
अजून धड आहेत.