दुसरी अंघोळ

राजाला आज डर्वेंटच्या पाण्यात उभं केलंय,
कमरेपर्यंत, पांढऱ्या सदऱ्यात.
काठावर सगळं मॉल्टन गाव.
मी मागे, शेळ्यांजवळ.

रोमहून आलेला पाद्री
त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततो,
म्हणतो, आता जन्मलास.

ऐकून घेतलं मी.
हेर्डवाल्ड पायाळू. दोन रात्री अडला होता.
कोपरापर्यंत हात घालून ओढला त्याला या जगात,
लोकरीनं पुसला,
कोंड्याच्या कोमट पाण्यात धुतला.
तेव्हा कुणी गायलं नव्हतं.
रडेचना, म्हणून एक चापट दिली
(राजाला बसलेली तेवढी एकच, आणि ती कुणाला ठाऊक नाही).

नाळ पुरली टेकडीवर,
वोडन देवाच्या अ‍ॅशच्या झाडाखाली.

सांजेला तो माझ्या खोपटात आला.
केस ओले, दात वाजत होते.
"तिलबुर्ग, उद्या ते झाड तोडतायत.
चर्चच्या उंबऱ्याला लाकूड हवंय.
मी हो म्हणालोय."
मग खाली बघत,
"मुळाशी माझं काही आहे का गं?"

मी चुलीत काटकी सारली.
"कुठलं रे. कोल्ह्यांनी केव्हाच नेलं असेल."

आता रविवारी सगळे
त्या उंबऱ्यावर पाय देऊन आत जातात.
मी तेवढी ओलांडून जाते.
गुडघे कुरकुरतात,
भिंतीला हात लावावा लागतो.
पाद्री कौतुकानं बघतो :
म्हातारीची श्रद्धा केवढी.